सहा राष्ट्रें आणि सातवें

माझें सारें आयुष्य मुलांना इतिहास व भूगोल शिकविण्यांत गेलें. त्यामुळें कोणतीहि गोष्ट पुढें आली कीं तिच्या सनावळीकडे आधीं लक्ष जातें. ही खोड आतां या वयांत जाणार नाहीं. सन २०२५ च्या एप्रिल महिन्यांतील शेवटच्या शनिवारीं रात्रीं माझी नात एक सामना पाहत बसली होती. लंडनजवळ ट्विकनम येथें इंग्लंड व फ्रान्स यांच्या मुली रग्बी खेळत होत्या. इंग्लंडनें तो सामना ४३ विरुद्ध ४२, म्हणजे अवघ्या एका गुणानें जिंकला. सामना संपल्यावर नात म्हणाली, “आजोबा, या स्पर्धेंत सहाच देश कां? स्पेन कां नाहीं?” मीं सहज उत्तर दिलें, “तेथें मुली खेळत नसतील.” मागाहून चौकशी केली तेव्हां माझें उत्तर साफ चुकीचें निघालें. आजचें भाषण ही त्या चुकीची दुरुस्ती समजावी.

ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं आधीं दोन शब्द सांगतों. पंधरा पंधरा गड्यांचे दोन संघ, अंड्याच्या आकाराचा चेंडू आणि ऐंशी मिनिटांचा खेळ. चेंडू हातांत घेऊन पळतां येतें, पण तो हातानें पुढें फेकतां येत नाहीं; सोबत्याला द्यावयाचा तर बाजूला किंवा मागें. पळणाऱ्याला प्रतिपक्षानें धरून खालीं पाडावें. हुतूतूंत एखाद्या दांडग्या गड्याची कंबर ज्यांनीं धरली असेल त्यांना यांतली रग निराळी समजावून सांगावयास नको. चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीस टेकविला कीं आजच्या नियमाप्रमाणें पांच गुण मिळतात; याला ट्राय म्हणतात. खेळ परदेशचा खरा, पण आपल्या रुपयांची खूण त्यावर आहे. कलकत्त्याच्या एका रग्बी क्लबानें १८७८ च्या सुमारास गाशा गुंडाळतांना बँकेंतले आपले चांदीचे रुपये काढून वितळविले व त्यांचा एक पेला घडविला. झांकणावर हत्ती आणि तीन मुठी नागाच्या आकाराच्या. इंग्लंड व स्कॉटलंड यांचे पुरुष आजहि ‘कलकत्ता कप’ याच नांवानें दर वर्षीं एकमेकांशीं झुंजतात.

तो सामना ज्या वार्षिक स्पर्धेचा भाग आहे ती पुरुषांची स्पर्धा १८८३ पासूनची. प्रारंभीं इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड हीं चार राष्ट्रें. १९१० सालीं फ्रान्स आला आणि २००० सालीं इटली. हीं सालें ध्यानांत असूं द्यावींत. पुढें त्यांचें काम पडेल.

मुलींची हकीकत आयर्लंडच्या उत्तर भागांतील एनिस्किलन या गांवीं सुरू होते. तेथें पोर्टोरा रॉयल स्कूल नांवाची मुलांची शाळा होती, आणि एमिली व्हॅलेंटाइन ही तेथील एका शिक्षकाची दहा वर्षांची मुलगी. भाऊ खेळत आणि ती कडेला उभी राहून पाहत असे. सन १८८७ मध्यें एके दिवशीं संघांत एक गडी कमी पडला. तिनें मला घ्या म्हणून गळ घातली, आणि दुसरें कोणी नव्हतें म्हणून तिला घेतलें. अंगावरचा कोट काढून ती मैदानांत उतरली, चेंडू तिच्या हातीं आला, ती धांवत सुटली आणि रेषेपलीकडे जाऊन तिनें ट्राय केला. हें सारें तिनें पुढें मोठेपणीं लिहून ठेविलें, म्हणून तर आज आपणांस ठाऊक. मुलीनें रग्बी खेळल्याची याहून जुनी नोंद सहसा सांगितली जात नाहीं.

ही गोष्ट वाचली तेव्हां मी जरा खजील झालों. मी शिकवीत होतों त्या शाळेंत मुलींना मैदान मिळे तें मुलांचा खेळ आटोपल्यावर, दिवेलागणीच्या आधींचीं वीस मिनिटें. तें वेळापत्रक मींच लिहीत असें. कडेला उभ्या राहणाऱ्या मुलींपैकीं किती जणी गडी कमी पडण्याची वाट पाहत होत्या, हें मीं एकदांहि विचारलें नाहीं.

एमिलीनंतर जवळजवळ शंभर वर्षें आपण उडी मारूं. दोन राष्ट्रांच्या स्त्रियांचा पहिला सामना १३ जून १९८२ रोजीं हॉलंडांतील उट्रेख्त येथें झाला. फ्रान्सनें हॉलंडला ४-० असें हरविलें. (ट्रायला तेव्हां चारच गुण असत.) इंग्लंड व वेल्स यांच्या मुली प्रथम एप्रिल १९८७ मध्यें वेल्समधील पाँटिपूल येथें भेटल्या. या सामन्यांना कोणा मोठ्या मंडळाचा आश्रय नव्हता. पुरुषांच्या संस्था निराळ्या आणि या मुलींच्या निराळ्या. तिकिटाचे पैसे, कपडे, औषधपाणी, सारें पदरचें.

तशांतच लंडनजवळच्या रिचमंड क्लबांतील चौघी जणींनीं, डेबोरा ग्रिफिन, सू डॉरिंग्टन, ॲलिस कूपर आणि मेरी फॉरसाइथ यांनीं, सर्व जगाची स्पर्धा भरविण्याचें मनांत आणलें. नोकऱ्या आणि संसार संभाळून त्यांनीं पत्रें लिहिलीं, मैदानें मिळविलीं, आणि एप्रिल १९९१ मध्यें वेल्समध्यें बारा राष्ट्रांच्या मुली गोळा केल्या. आंतरराष्ट्रीय मंडळाचा पाठिंबा नव्हता तो नव्हताच. या स्पर्धेंतली सोव्हिएट संघाची कथा मला फार आवडते. त्यांच्याजवळ परदेशी चलन मुळींच नव्हतें. म्हणून त्यांनीं विकावयास व्होडका आणि माशांचीं खारविलेलीं अंडीं बरोबर आणलीं होतीं, आणि तो माल पाहून जकातवाले मागें लागले! शेवटीं वेल्सच्या लोकांनींच त्यांना मदतीचा हात दिला. कार्डिफच्या अखेरच्या सामन्यांत अमेरिकेनें इंग्लंडला १९-६ असें हरविलें.

पुढची जागतिक स्पर्धा १९९४ सालीं हॉलंडांत व्हावयाची होती. आंतरराष्ट्रीय मंडळानें मान्यता नाकारली, तेव्हां हॉलंडनें अंग काढून घेतलें. हातीं जेमतेम तीन महिने उरले असतां स्कॉटलंडच्या मुली पुढें झाल्या आणि त्यांनीं ती एडिंबरो व आसपास भरविली. अंतिम सामन्यांत इंग्लंडनें अमेरिकेचें उट्टें काढलें, ३८-२३. तो सामना रेबर्न प्लेस येथें झाला. इतिहासाच्या शिक्षकाला येथें थांबल्यावांचून राहवत नाहीं. कारण याच मैदानावर १८७१ सालीं स्कॉटलंड व इंग्लंड यांचे पुरुष खेळले, आणि तो जगांतला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना. मान्यता नसलेल्या मुलींनीं तेथेंच आपली स्पर्धा पुरी करावी, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

आतां वार्षिक स्पर्धेकडे येतों. ती १९९६ सालीं सुरू झाली, पुरुषांच्याच जुन्या चार राष्ट्रांची. १९९८ सालीं ती स्कॉटलंडनें जिंकली. १९९९ मध्यें फ्रान्स आला आणि २००० सालीं स्पेन. आयर्लंड मध्यंतरीं बाहेर होतें, तें २००२ मध्यें परत आलें, आणि त्या वर्षीं प्रथमच सहा राष्ट्रें झालीं. सर्व सामने जिंकून तो पहिला मान फ्रान्सनें मिळविला. म्हणजे माझ्या नातीनें ज्या स्पेनबद्दल विचारलें तें राष्ट्र या सहांपैकींच एक होतें.

मग तें गेलें कोठें? पुरुषांच्या स्पर्धेंत सहावें राष्ट्र इटली होतें. दोन्ही स्पर्धांचीं राष्ट्रें एकच असावींत या हेतूनें २००७ सालीं स्त्रियांच्या स्पर्धेंतून स्पेनला काढलें आणि त्या जागीं इटलीला घेतलें. आतां हें पाहा: आदल्याच वर्षीं, २००६ मध्यें, कॅनडांत जागतिक स्पर्धा झाली होती. तिच्यांत स्पेनच्या मुली खेळल्या, इटलीच्या नव्हत्या. स्पेनच्या मुलींचें स्थान त्यांच्या खेळानें गेलें नाहीं. इटलीचे पुरुष बरे खेळले म्हणून गेलें. वर्गांत बहिणीचा क्रमांक तिच्या भावाच्या गुणांवरून लावावा, त्यांतलाच हा प्रकार.

हा अन्याय होता असें माझें मत आहे. पण इटलीच्या मुलींवर राग धरतां येत नाहीं. त्यांनीं पहिलीं कित्येक वर्षें मार खाल्ला, आणि मार खातां खातां त्या शिकल्या. २०१९ सालीं त्या या स्पर्धेंत दुसऱ्या आल्या. न्यूझीलंडमध्यें २०२२ सालीं झालेल्या जागतिक स्पर्धेंत त्या उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेल्या. स्पर्धेंत जागा असणें म्हणजे काय, तें यावरून कळतें. दर वर्षीं आपल्याहून बलवान अशा राष्ट्रांशीं पांच सामने ठरलेलेच. हरलांत तरी पुढच्या वर्षीं पुन्हां पांच आहेतच. आपल्या भारताच्या मुलींनीं पंधरांच्या संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ सालीं सिंगापूर येथें खेळला, आणि २०१९ सालीं मनिला येथें सिंगापूरला २१-१९ असें हरवून पहिला विजय मिळविला. पुण्याच्या वाहबीज भरूचा यांनीं भारताच्या संघाचें नायकत्व केलें आहे. पण सामने मोजकेच मिळणाऱ्या संघानें वाढावें तरी कसें?

आंत असलेल्यांनाहि सारें सुखाचें होतें असें नाहीं. वर्षानुवर्षें मुलींचे सामने फेब्रुवारी-मार्चमध्यें, पुरुषांच्या सामन्यांच्या सांवलींत, आडगांवच्या लहान मैदानांवर होत. २०१३ सालीं आयर्लंडच्या मुलींनीं ॲशबोर्न येथील एका क्लबाच्या मैदानावर इंग्लंडला २५-० असें नमविलें, आणि सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशीं मिलानजवळच्या पाराबियागो गांवांत, चिखलांत लोळत, इटलीवर ६-३ असा विजय मिळवून पांचहि सामने जिंकण्याचा पराक्रम पुरा केला. त्यांच्या राष्ट्रांत हें पूर्वीं कोणत्याहि स्त्रियांच्या संघाला साधलें नव्हतें. पुढच्या वर्षीं त्यांनीं जागतिक स्पर्धेंत न्यूझीलंडलाहि धूळ चारली.

त्याच आयर्लंडची पुढें काय दशा झाली तें ऐकण्यासारखें आहे, कारण तेथें स्पेन पुन्हां रंगमंचावर येतो. सप्टेंबर २०२१ मध्यें इटलींतील पार्मा येथें जागतिक स्पर्धेच्या प्रवेशासाठीं सामने झाले. पहिल्याच दिवशीं स्पेननें आयर्लंडला ८-७ असें हरविलें. चौदा वर्षांपूर्वीं पंक्तींतून उठविलेल्या राष्ट्रानें पंक्तींत बसलेल्याला हरविलें! आयर्लंडनें पुढें इटलीला जिंकलें, पण अखेरच्या क्षणीं स्कॉटलंडनें २०-१८ अशी मात केली आणि आयर्लंडचा प्रवेश हुकला. डिसेंबरांत त्या देशाच्या आजी-माजी बासष्ट खेळाडूंनीं थेट आपल्या सरकारला पत्र लिहून कळविलें कीं, आमच्या खेळाच्या चालकांवरचा आमचा विश्वास उडाला आहे. गांवच्या चिखलांत जिंकलेल्या पराक्रमावर कोणी घर बांधलें नव्हतें, हीच त्यांची तक्रार होती.

सुधारणा आली ती निम्मी साथीमुळें. २०२१ सालीं स्त्रियांची स्पर्धा पुढें ढकलून एप्रिलमध्यें खेळवावी लागली, आणि लक्षांत आलें कीं पुरुषांचे सामने नसतांना लोक मुलींकडे पाहतात. तेव्हांपासून त्यांना स्वतःचे दिवस मिळाले. पैशाची गोष्ट त्याआधींच सुरू झाली होती: इंग्लंडनें जानेवारी २०१९ पासून अठ्ठावीस खेळाडूंना पूर्ण वेळ पगार दिला, वेल्सनें पहिल्या बारा जणींना २०२२ मध्यें. तीन वर्षांचें हें अंतर गुणफलकावर स्पष्ट दिसतें. इंग्लंडनें २०१९ ते २०२५ ओळीनें सात वेळां ही स्पर्धा जिंकली. या सात वर्षांत तिच्यांत त्यांना कोणीहि हरविलें नाहीं. त्याआधींची हार मार्च १९१८ ची नव्हे, मार्च २०१८ ची, ग्रेनोब्ल येथें फ्रान्सकडून, १८-१७. जुनीं सालें शिकविणाऱ्याच्या तोंडीं शतक असें घसरतें. श्रोत्यांनीं क्षमा करावी. एकाच संघानें सदा जिंकावें हें मला पाहणारा म्हणून रुचत नाहीं, पण दोष पगार देणाराचा नाहीं, उशीर करणारांचा आहे.

लोक मात्र येऊं लागले. एप्रिल २०२३ मध्यें ट्विकनमला इंग्लंड-फ्रान्स सामना पाहावयास ५८,४९८ माणसें होतीं. सप्टेंबर २०२५ मध्यें त्याच मैदानावर जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला, इंग्लंडनें कॅनडाला ३३-१३ असें हरविलें, आणि प्रेक्षक होते ८१,८८५. त्याच वर्षीं इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या अध्यक्षस्थानीं प्रथमच एक स्त्री आली. तिचें नांव डेबोरा ग्रिफिन. चौतीस वर्षांपूर्वीं वेल्समधल्या त्या स्पर्धेसाठीं पत्रें लिहीत बसलेल्या चौघींपैकीं एक.

त्या २०२५ च्या जागतिक स्पर्धेंत स्पेनच्या मुलीहि होत्या. युरोपांतल्या दुसऱ्या स्पर्धेंत त्यांनीं हॉलंड, पोर्तुगाल वगैरेंना मागें टाकलें होतें. हें सारें मीं नातीला सांगितलें. तिनें लगेच विचारलें, “मग ती दुसरी स्पर्धा जिंकल्यावर पुढच्या वर्षीं स्पेन या सहांत येईल ना?” सहांतल्या शेवटच्यानें बाहेर जावें आणि बाहेरच्या पहिल्यानें आंत यावें असा त्या स्पर्धेचा नियमच नाहीं, एवढेंच उत्तर मजजवळ होतें, या खेपेला मात्र तें तपासून दिलें होतें.