पत्त्यांतील सीमारेषा

पुणतांब्यास पत्र धाडावयाचें झालें, तर गांवाच्या नांवापुढें ४१३७०७ हा क्रमांक लिहावा लागतो. गोदावरीकांठचें, चांगदेवांच्या समाधीमुळें प्रसिद्ध असलेलें हें गांव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील राहाता तालुक्यांत आहे. त्याच तालुक्यांतील शिर्डीचा क्रमांक मात्र ४२३१०९. तालुका एक असून पहिले तीन आंकडे निराळे कां? तर ते आंकडे महसुली हद्द दाखवीत नाहींत. टपालाची वर्गवारी कोठें व्हावयाची, तें सांगतात. टपाल खात्यांतील अधिकारी आणि संस्कृतचे कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेली ही पिन पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. तिच्यांत तिसऱ्या आंकड्यानंतरची सीमारेषा कायम आहे : डावीकडे वर्गवारीचा जिल्हा, उजवीकडे टपाल कचेरी.

संगणकांच्या पत्त्यांसही अशी सीमारेषा लागते. ती कोठें आंखावी, या एका प्रश्नानें इंटरनेटच्या इतिहासांत मोठी उलथापालथ घडविली. तिचीच हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

इंटरनेटच्या चवथ्या आवृत्तीचा पत्ता म्हणजे शून्य व एक यांची ३२ स्थानांची ओळ. वाचण्याच्या सोयीसाठीं ती चार संख्यांत लिहितात. प्रत्येक संख्या ० ते २५५ पर्यंतची. डावा भाग नेटवर्काचा, उजवा त्यांतील यंत्राचा. सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं नेटवर्कांचे तीन वर्ग पाडले. पहिली संख्या १२८ च्या आंत असेल, तर ‘ए’ वर्ग. त्यांतील एकेका नेटवर्कांत १,६७,७७,२१४ यंत्रें मावत. १२८ ते १९१ असेल, तर ‘बी’ वर्ग. त्यांत ६५,५३४ यंत्रें. १९२ ते २२३ असेल, तर ‘सी’ वर्ग. त्यांत अवघीं २५४. पहिली संख्या पाहतांच सीमारेषा कळे, आणि तेवढ्यानें त्या काळच्या मंद यंत्रांचें काम हलकें होई. या योजनेंत सोय होती, हें नाकारतां येणार नाहीं.

परंतु जगांतील संस्था तीनच मापांच्या नसतात. ज्या कॉलेजांत ३०० संगणक, त्याला ‘सी’ वर्ग अपुरा पडे. मग तें ‘बी’ वर्ग मागे, आणि पासष्ट हजार पत्ते निष्कारण अडकून पडत. असे ‘बी’ वर्ग सगळे मिळून १६,३८४ च होते. १९८५ सालीं एक तोड निघाली. नेटवर्काच्या मालकास आपल्या आंतील भागाचे आणखी तुकडे पाडण्याची मुभा मिळाली, आणि रेषा दाखविण्यासाठीं ‘मास्क’ आला. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ इतकाच, कीं पहिल्या तीन संख्या नेटवर्काच्या व शेवटची यंत्राची.

एवढ्यानें संकट टळलें नाहीं. ‘बी’ वर्ग संपत आले आणि मार्ग दाखविणाऱ्या यंत्रांच्या याद्या फुगत चालल्या. अखेर सप्टेंबर १९९३ मध्यें वर्गांची कल्पनाच मोडीत निघाली. आतां रेषा कोठेंही आंखावी, मात्र ती पत्त्याबरोबर स्पष्ट सांगावी. ज्याला ५०० पत्ते हवेत, त्याला ५१२ द्यावे. आणि अनेक शेजारी नेटवर्कांसाठीं यादींत एकच नोंद ठेवावी.

भारतांत विदेश संचार निगमानें सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें, तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. म्हणजे वर्ग मोडल्यावर दोन वर्षांनीं. तोंवर पंगतींतलें पहिलें वाढप होऊन गेलें होतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका संस्थेकडे सबंध ‘ए’ वर्ग होता. २०१७ सालीं तिनें त्यांतील लक्षावधि पत्ते विकावयास काढले. इकडे ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक साठ्यांतील शेवटचे गट वांटले गेले. आपल्याकडे अनेक घरांनीं मिळून एकच पत्ता वापरावयाचा प्रसंग येतो, त्यामागें ही टंचाई आहे. १२८ स्थानांची नवी पद्धति हाच तिच्यावरचा खरा उपाय होय.

वर्ग गेले, पण त्यांची संवय राहिली. १० या संख्येनें सुरू होणारा पत्ता दिला, कीं कित्येक संगणक २५५.०.०.० हा ठराविक मास्क आपण होऊन भरतात. समजा, एकाद्या पतसंस्थेची मुख्य कचेरी पुण्यास आहे व शाखा पुणतांब्यास. पुण्याचे पत्ते १०.१ नें आणि पुणतांब्याचे १०.२ नें सुरू होतात. हा मास्क तसाच राहिला, तर शाखेंतील संगणक पुण्याच्या यंत्रास आपल्याच खोलींतील शेजारी समजतो. निरोप बाहेर नेणाऱ्या राउटराकडे तो वळतच नाहीं. खोलींतल्या खोलींत हांका मारीत बसतो आणि उत्तर येत नाहीं.

पिनच्या पद्धतींत कायमची रेषा फारशी बाधली नाहीं. कारण एका टपाल कचेरीच्या क्रमांकाखालीं कितीही घरें नांदूं शकतात. संगणकांत मात्र प्रत्येक यंत्रास क्रमांक खर्ची पडतो, आणि म्हणून तीच युक्ति तेथें महागांत गेली. ठराविक म्हणून जें आपोआप भरलें जातें, तेंही केव्हां तरी कोणी तरी कांहीं कारणानें ठरविलेलें असतें. तें कारण अजून जिवंत आहे कीं नाहीं, एवढें विचारून मगच तें मान्य करावें.