शिष्यवृत्ती, लोकवर्गणी आणि जालन्याचा हजेरीपट

- विशेष प्रतिनिधी

जालना जिल्ह्यातील शाळांचा हजेरीपट आणि पश्चिम महाराष्ट्रातील उसाचा फड यांचा फार जवळचा संबंध आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या मजूर जोडप्यांच्या टोळ्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मूल आईवडिलांबरोबर गेले, तर हजेरीपटावर त्याच्या नावापुढच्या चौकटी तेवढे महिने रिकाम्या राहतात.

गरीब घरातील हुशार मुलांनी बारावीपर्यंत शिकावे यासाठी केंद्र सरकारची जी सर्वांत भरीव शालेय शिष्यवृत्ती आहे, तिची आठवीतील परीक्षा महाराष्ट्रात साधारणपणे डिसेंबरमध्ये होते. म्हणजे ज्यांच्यासाठी ही योजना आखली, त्यांतील कित्येक मुले त्या वेळी फडावरच्या कोपीत असतात. शिष्यवृत्ती, वसतिगृह, बसचा पास आणि गावाची वर्गणी या गोष्टी शासकीय कागदपत्रांत वेगवेगळ्या शीर्षकांखाली येतात. मुलाच्या आयुष्यात मात्र त्या एकमेकींना अडकवलेल्या कड्या असतात. एक कडी निसटली की बाकीच्या असून नसल्यासारख्या होतात.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याचे आठ तालुके आहेत. जालना शहराची ओळख बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी घडवली. 'जालना, सोने का पालना' ही म्हण आजही व्यापारी मंडळी अभिमानाने सांगतात. परंतु २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात हाच जिल्हा राज्याच्या तळाशी असलेल्या जिल्ह्यांत होता. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७२ टक्के भरली. स्त्रियांचे प्रमाण जेमतेम ६१ टक्क्यांच्या घरात होते. पाळणा सोन्याचा खरा, पण तो शहरापुरता हलला.

देणगीची जुनी परंपरा

शिक्षणासाठी हात पुढे करणे आणि हात देणे, दोन्ही या भागाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. मिशनच्या कामासाठी त्यांनी परदेशांतही प्रवास केला. शहरातील जालना एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयाचे पूर्ण नावच आर. जी. बगडिया कला, एस. बी. लखोटिया वाणिज्य आणि आर. बेझन्जी विज्ञान महाविद्यालय असे आहे. विद्यार्थी त्याला सुटसुटीतपणे 'जेईएस' म्हणतात, पण पूर्ण पाटी वाचली तर या बाजारपेठेतील दातृत्वाचा एक तुकडाच वाचल्यासारखे होते. १९६४ मध्ये 'महिको'ची स्थापना करणारे आणि १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळवणारे बद्रिनारायण बारवाले यांचे नावही शहरातील एका महाविद्यालयाला आहे.

राज्यात याहून जुना आणि अधिक साधा प्रकार होता, तो वारान्नाचा. आठवड्याचे सात वार सात घरी जेवून शिकलेली एक आख्खी पिढी महाराष्ट्राने पाहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत त्या उपकाराला श्रमाची जोड दिली. सातारच्या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्याच आंबेडकरांनी पुढे १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातील दलित, कष्टकरी मुलांना पदवीची वाट मिळाली. एका शिष्यवृत्तीचे व्याज किती पिढ्यांना मिळू शकते, याचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागणार नाही.

एक रुपयाचा हिशेब

शासकीय मदतीकडे वळले की आकडे बोलू लागतात. दुर्बल घटकांतील मुलींची पहिली ते चौथीची उपस्थिती वाढावी म्हणून राज्य शासनाने ३ जानेवारी १९९२ पासून दररोज एक रुपया भत्ता सुरू केला. वर्षाचे शाळेचे दिवस धरले तर कमाल २२० रुपये. त्या काळी एका रुपयाला काही मोल होते. पुढची तीन दशके महागाई वाढत गेली. हा रुपया मात्र रुपयाच राहिला. पाचवी ते सातवीतील मागासवर्गीय मुलींसाठी १९९६ पासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आली. तिचा महिना ६० रुपये हा दरही असाच दीर्घकाळ गोठून राहिला.

रक्कम लहान असणे हा एक भाग झाला. ती मिळवण्याचा खर्च हा दुसरा. डिसेंबर २०१६ मध्ये शासनाने वस्तूंऐवजी थेट बँक खात्यात पैसे देण्याचे धोरण स्वीकारले. २०१७-१८ मध्ये दोन गणवेशांचे ४०० रुपये मूल आणि आई यांच्या संयुक्त खात्यात जमा करायचे ठरले. हेतू गैरव्यवहार रोखण्याचा होता आणि तो योग्यच होता. पण खाते उघडण्यासाठी तालुक्याला जाणे, त्या दिवसाची मजुरी बुडणे आणि काही बँकांची किमान शिल्लक यांचा हिशेब केला, तर अनेक पालकांना चारशे रुपये चारशेहून महाग पडले. राज्यभरातून तक्रारी आल्या. शेतमजूर बाईने त्या वेळी केलेली वजाबाकी अर्थशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाने केली असती, तरी उत्तर तेच आले असते.

गुणवत्तेसाठी असलेली चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासूनची आहे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला घेतली जाऊ लागली. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. तिची रक्कमही वर्षानुवर्षे २५० ते १,००० रुपये इतकीच होती. २०२३ मध्ये ती पाचवीसाठी वार्षिक ५,००० आणि आठवीसाठी ७,५०० रुपये करण्यात आली. ही वाढ उशिरा झाली, पण घसघशीत झाली, हे मान्य करायला हवे.

आठवीचा डिसेंबर

या सर्वांत गरीब घराच्या दृष्टीने वजनदार ठरते ती राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती, बोलीभाषेत 'एनएमएमएस'. केंद्र सरकारने २००८ मध्ये ती सुरू केली. देशभरात दरवर्षी एक लाख विद्यार्थी निवडले जातात आणि त्यांत महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ चा आहे. सुरुवातीला महिना ५०० रुपये मिळत. १ एप्रिल २०१७ पासून ही रक्कम महिना १,००० रुपये झाली. नववी ते बारावी अशी चार वर्षे टिकून राहिल्यास विद्यार्थ्याच्या खात्यात एकूण ४८,००० रुपये येतात. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पूर्वी दीड लाख होती, ती साडेतीन लाखांपर्यंत वाढवण्यात आली.

परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी अशा प्रत्येकी ९० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेचा हवा. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत; अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. यातली एक अट पालकांना सहसा ठाऊक नसते. जेथे निवास आणि भोजन शासनाकडून मोफत मिळते अशा निवासी शाळेतील मुले, तसेच नवोदय व केंद्रीय विद्यालयांतील मुले या शिष्यवृत्तीला पात्र ठरत नाहीत. दहावीत ६० टक्के मिळाले नाहीत, तर पुढील दोन वर्षांचे पैसेही थांबू शकतात. मराठा आणि कुणबी समाजातील जी मुले ही परीक्षा उत्तीर्ण होऊनही कोट्यात बसत नाहीत, त्यांच्यासाठी 'सारथी' संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम वर्षाला ९,६०० रुपये आहे.

आता या योजनेकडे मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील एखाद्या वस्तीवरून पाहावे. अर्ज भरताना तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आधार कार्डावरील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव यांत एका वेलांटीचाही फरक चालत नाही. दाखला काढायचा तर पालक गावात हवेत, आणि टोळी तर निघून गेलेली. परीक्षा केंद्र बहुधा तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी. त्यात शेवटची आणि मोठी अडचण म्हणजे डिसेंबरमध्ये ते मूल जिल्ह्यात असायला हवे.

त्यासाठी हंगामी वसतिगृहाची कल्पना पुढे आली. नावात वसतिगृह असले तरी बहुतेक ठिकाणी वेगळी इमारत नसते. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपते, सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेच्या आवारात किंवा गावातील एखाद्या घरी मिळते आणि व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती पाहते. ऑक्टोबर ते मार्च असा त्याचा हंगाम. व्यवस्था साधी आहे आणि म्हणूनच ती खेड्यात चालू शकते. अट एवढीच की ती टोळी निघण्यापूर्वी सुरू झाली पाहिजे. मंजुरी नोव्हेंबरच्या अखेरीस आली, तर जेवायला मुलेच उरलेली नसतात. २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे तिच्यात प्रस्तावित होती. पहिल्या टप्प्यातील दहा ठिकाणांत जालन्यातील घनसावंगी आणि अंबड यांचा समावेश होता.

नेमकी येथेच लोकवर्गणी कामाला येते. आजी-आजोबांच्या घरी राहिलेल्या मुलाच्या किराण्याला हातभार, दाखल्यासाठी तालुक्याला जाण्याचे भाडे, परीक्षेच्या दिवशीची जीप, सरावाच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स. या खर्चांना कोणत्याही योजनेत शीर्षक नाही. मूल एकच असेल तर हा सारा खर्च काही शेकड्यांचा किंवा फार तर काही हजारांचा. पण तो वेळेवर झाला, तर ४८,००० रुपयांचे दार उघडते. दात्याच्या दृष्टीने यापेक्षा किफायतशीर दान विरळाच म्हणावे लागेल.

मुलींच्या बाबतीत प्रवासाची कडी अधिक महत्त्वाची. एसटीच्या अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना मोफत पास मिळतो, मानव विकास कार्यक्रमातून निळ्या बसगाड्या आणि सायकली मिळाल्या. सायकलीचा परिणाम किती होतो, याचा पुरावा बिहारने दिला आहे. तेथे २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. मेक्सिकोने १९९७ मध्ये हजेरीच्या अटीवर शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा माध्यमिक वर्गांत मुलींची रक्कम मुलांपेक्षा जास्त ठेवली होती. शाळा सुटण्याचा धोका जेथे अधिक, तेथे पैसा अधिक, असा तो सरळ विचार होता. आपल्याकडील पासाला बस धावण्याची अट आहेच. २०२१-२२ च्या प्रदीर्घ एसटी संपात मोफत पास मुलींच्या दप्तरातच राहिले.

वर्गणी देताना

शहरी वाचक मदत करू इच्छितो, पण पैसा कोठे जाईल याची त्याला धास्ती असते. ती अनाठायी नाही. महाराष्ट्रात विश्वस्त संस्थांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते आणि लेखापरीक्षण बंधनकारक असते. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची असल्यास याच कायद्याच्या कलम ४१-क प्रमाणे तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना हे चांगले ठाऊक आहे. शाळेसाठी झोळी फिरवणाऱ्यांनाही ते ठाऊक असावे. जिल्हा परिषदेच्या शाळेला देणगी द्यायची तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यात द्यावी आणि पावती घ्यावी. प्राप्तिकराच्या कलम ८०-जी खालील सवलतीसाठी २०१७-१८ पासून २,००० रुपयांवरील रोख देणगी धरली जात नव्हती आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच मिळत नाही. प्रवेशाच्या बदल्यात मागितलेली 'देणगी' ही देणगी नसतेच. तिला १९८७ च्या राज्य कायद्याने आणि शिक्षण हक्क कायद्यानेही मनाई केली आहे.

कंपन्यांसाठी २०१४ पासून नफ्यातील दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचा नियम आहे. तो ठरावीक आकारापुढील कंपन्यांनाच लागू होतो. हा पैसा बहुधा इमारत, संगणक, फळा अशा दिसणाऱ्या वस्तूंवर जातो. कोनशिला बसवता येईल असे काम सर्वांनाच आवडते. एका मुलाच्या सहा महिन्यांच्या भाकरीवर कोनशिला बसत नाही.

वह्यावाटपाच्या छायाचित्राबद्दलही लिहिले पाहिजे. जूनमध्ये प्रत्येक वृत्तपत्राच्या कचेरीत अशी छायाचित्रे येतात. मध्ये पाहुणे, दोन्ही बाजूंना पदाधिकारी आणि पुढे वही धरून उभे केलेले मूल. प्रस्तुत प्रतिनिधीनेही अशा बातम्या मुलांच्या नावांसह छापायला दिल्या आहेत. एका वर्षी एका शिक्षकांनी दूरध्वनी करून सांगितले की, छायाचित्र छापून आल्यावर त्यातील मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. वर्गातल्या मुलांनी तिला चिडवले होते. त्यानंतर त्या शाळेने यादी तयार करणे थांबवले नाही, फक्त ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली आणि वह्या सगळ्या वर्गाला एकाच दिवशी वाटल्या. ज्यांना शक्य होते त्या पालकांनी नंतर पैसे आणून दिले.

शाळेत विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत. आठवीत किती मुले आहेत, त्यांतील किती घरे दसऱ्यानंतर बाहेर पडतात, त्यांच्या उत्पन्नाचे दाखले निघाले का आणि त्या मुलांच्या संध्याकाळच्या जेवणाची सोय कोठे आहे. उत्तरे गावातल्या शिक्षकांकडे बहुधा तोंडपाठ असतात. ती विचारण्याची वेळ सप्टेंबरची. डिसेंबरच्या त्या रविवारी परीक्षा केंद्रावर नावाची चिठ्ठी बाकाला डकवलेली असते, आसन क्रमांक पडलेला असतो आणि पर्यवेक्षक हजेरी घेऊ लागतात.