‘सुहेली’ची गळती : मुंबईत बांधलेल्या एका नौकेची पृथ्वीप्रदक्षिणा

१. एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले मानव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. हे पुष्कळांस ठाऊक असते. त्यांची नौका कुलाब्यात बांधली गेली होती, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. आणि ते ३१२ दिवस मुख्यतः कशात खर्ची पडले, हे तर कोणी सांगतच नाही. ते दुरुस्तीत खर्ची पडले. आजचा धागा त्या दुरुस्तीविषयी.

२. नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजांवरील तरुण ब्रिटिश अधिकारी. १९६३-६४ मध्ये मुंबईच्या कारागिरांनी त्यांच्यासाठी ३२ फुटांची सागवानी नौका घडवली. हत्यारे पिढीजात, वासला आणि दोरीने फिरणारा सामता. पाण्यात उतरवताना नारळ फुटला. नाव ठेवले ‘सुहेली’, म्हणजे इराणी आखातातील आग्नेयेचा वारा.

३. १९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धा जाहीर केली. अट कठोर होती : बंदर नाही, मदत नाही, बाहेरून एक खिळासुद्धा घ्यायचा नाही. जे मोडेल ते स्वतःच, नौकेवर असलेल्या सामानातूनच सांधायचे. १४ जून १९६८ रोजी ‘सुहेली’ने फालमथ सोडले.

४. पहिले संकट केप व्हर्दे बेटांच्या परिसरात आले. दिवसेंदिवस पंप अधिकाधिक वेळ मारावा लागे. वारा पडताच त्यांनी बुडी मारून पाहिले, तेव्हा कण्यालगतच्या फळीचा सांधा लांबवर उघडलेला दिसला. तोही दोन्ही अंगांना. अशी फट बंद करण्याची रीत जुनीच आहे : तीत कापूस ठासायचा आणि वरून लेप द्यायचा. परंतु ती रीत कोरड्या किनाऱ्यावरची. पाण्याखाली एका श्वासात कापूस ठोकून होत नसे. श्वास घेण्यास वर यावे, तोवर तो निघून आलेला असे.

५. मग त्यांनी युक्ती बदलली. कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवून घेतला, तिला डांबर माखले आणि ती पट्टी छोट्या खिळ्यांनी फटीवर ठोकली. तिच्यावर तांब्याचा पत्रा चढवायचा होता. पांढरे अंग शार्कच्या नजरेत भरू नये, म्हणून त्यांनी गडद कपडे घातले होते. तरीही एक शार्क आलाच. त्यांनी वर येऊन बंदूक घेतली, त्याला मारले, त्याच्या मागे आणखी कोणी येते का याची वाट पाहिली आणि पुन्हा पाण्यात उतरले. दुसरी बाजू अद्याप बाकीच होती!

६. दक्षिण महासागरात एका लाटेने नौका आडवी पाडली आणि केबिनचे छत सांध्यापासून हलले. टाकीतील गोडे पाणी नासले. आपोआप दिशा राखणारे यंत्र मोडले, जोडले, पुन्हा मोडले. अखेरीस त्याचा नाद सोडावा लागला. रेडिओ मुका झाला. शीड शिवताना एकदा मिशीच टाक्यात अडकली आणि हिसडा देऊन सोडवावी लागली.

७. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा असा प्रसंग पुढचा आहे. बॅटरी भरणाऱ्या इंजिनात ठिणगीचे अंतर इंचाच्या सुमारे १५ सहस्रांश हवे होते आणि ते मोजण्याची पट्टी जवळ नव्हती. त्यांनी एका पुस्तकाची पाने मोजली. एका इंचात २०० पाने बसली, म्हणजे एक पान ५ सहस्रांश. तीन पाने फटीत सरकली की अंतर बरोबर! डाख देण्यास कथील नव्हते, तेव्हा सुट्या दिव्यांच्या टोकांवरचे कथील वितळवून घेतले.

८. हे केवळ चातुर्याचे किस्से नव्हेत, हे दुसऱ्या एका नौकेकडे पाहिले की कळते. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची ‘टीनमथ इलेक्ट्रॉन’ ३१ ऑक्टोबरला, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, अर्धवट अवस्थेतच निघाली. झडपांतून पाणी येत होते आणि ते उपसण्याची नळी किनाऱ्यावरच राहिली होती. पुढे जावे तर मृत्यू, परतावे तर दिवाळे, अशा पेचात त्यांनी खोटी स्थाने कळवली. दुरुस्तीसाठी ते गुपचूप अर्जेंटिनाच्या किनाऱ्यास लागले. जुलै १९६९ मध्ये त्यांची नौका सापडली. ते सापडले नाहीत.

९. नायजेल टेटली यांची नौका जवळजवळ सारी प्रदक्षिणा संपत आली असता खिळखिळी होऊन बुडाली. निघालेल्या नऊ जणांपैकी स्पर्धा पूर्ण केली ती एकट्या ‘सुहेली’ने, २२ एप्रिल १९६९ रोजी. मिळालेले ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टन यांनी क्रोहर्स्ट कुटुंबास दिले. अथांग पाण्यावर एकटे असताना गळती म्हणजे काय, हे त्यांच्याइतके दुसरे कोण जाणणार?

१०. पुढे ‘सुहेली’ संग्रहालयात गेली. तेथील कोरड्या हवेत सागवानी फळ्या आक्रसू लागल्या, म्हणून मालकाने ती बाहेर काढली आणि पुन्हा स्वतः दुरुस्तीस हात घातला. लाकडी नौका एकदा बांधून संपत नाही. ती जोवर तरंगते तोवर कोणीतरी तिला बांधतच असते. इतिहासात कप्तानाचे नाव राहते. परंतु कण्यालगतचा एक सांधा सोडला, तर साऱ्या महासागरांना पुरून उरले ते कुलाब्याच्या सुतारांचे काम. आणि त्यांची नावे आपण कधी विचारलीच नाहीत.