गाडीला जडवलेले जाते

कॉफीचा पेला हाती येण्यापूर्वी बुंददाण्यावर तीन संस्कार व्हावे लागतात. तो भाजावा लागतो, दळावा लागतो आणि मग त्याचा अर्क उष्णोदकात उतरवावा लागतो. गृहस्थाश्रमी माणसाला हा क्रम सहसा जाणवतही नाही. परंतु ज्याचे घरच चाकांवर आहे, ज्याची कोठी, चूल आणि शय्या एकाच गाडीच्या पोटात सामावलेली आहेत, त्याला मात्र या तिहींपैकी कोणते कार्य घरी उरकायचे आणि कोणते वाटेवर करायचे, हे प्रस्थानापूर्वीच ठरवावे लागते. हिरवा दाणा कित्येक महिने टिकतो. भाजलेला काही आठवडे आपला गंध राखतो. दळलेल्या भुकटीचा सुगंध मात्र उघड्यावर काही तासांतच विरू लागतो. आज कॅम्परव्हॅनमधून हिंडणारे रसिक पहाटे गाडीचे मागचे दार उघडून, मांडीवर छोटेसे हातयंत्र धरून दाणे दळताना दिसले, की मला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचे स्मरण होते. कारण फिरत्या घरातील कॉफीचा हा प्रश्न तेथील शिपायांनी आणि गुराख्यांनी फार मोठ्या प्रमाणावर, आणि माझ्या मते फार समंजसपणे, सोडवला होता.

1861 ते 1865 या यादवी युद्धाच्या काळात उत्तरेच्या फौजेत कॉफी हा चैनीचा पदार्थ नसून शिध्याचा नियत जिन्नस होता. दर शंभर शिध्यांमागे 10 पौंड हिरवी अथवा 8 पौंड भाजून दळलेली कॉफी द्यावी, असा सरकारी दंडक होता. भाजताना दाण्याचे वजन घटते, म्हणून हा 2 पौंडांचा फरक. या हिशेबाने एका शिपायाच्या वाट्याला वर्षाकाठी 36 पौंडांहून थोडी अधिकच हिरवी कॉफी येई. मॅसॅच्युसेट्सच्या तोफखान्यात चाकरी केलेल्या जॉन बिलिंग्ज याने 1887 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हार्डटॅक अँड कॉफी' या ग्रंथात तिच्या वाटपाचे मोठे हृद्य वर्णन आहे. जमिनीवर रबरी पांघरूण अंथरून कॉफीचे सारखे ढीग घातले जात, आणि पक्षपाताचा आरोप येऊ नये म्हणून हवालदार पाठ फिरवून एकेका ढिगासाठी एकेक नाव पुकारी. चिमूटभर भुकटीसाठी ज्या माणसांना एवढी न्यायव्यवस्था उभारावीशी वाटली, त्यांच्या लेखी त्या पेयाचे मोल काय असेल, हे निराळे सांगावयास नको. मात्र पुष्कळ शिपाई दळलेल्या कॉफीपेक्षा अखंड दाणेच पसंत करीत. कारण भुकटीत मक्तेदाराने काय मिसळले आहे हे ओळखणे कठीण, दाणा मात्र आपली साक्ष आपणच देतो. मग ते दाणे दगडांवर किंवा बंदुकीच्या दस्त्याने कुटले जात, आणि कूच थांबून घटकाभर विसावा मिळाला, की वाटेच्या कडेला शेकडो लहान लहान आगट्या पेटत. नाकेबंदीमुळे दक्षिणेच्या सैन्याला ही मिरास लाभली नाही. तिकडे राय धान्य, चिकोरी, ओक वृक्षाची फळे, रताळी असे नाना पदार्थ भाजून त्यांवर तहान भागवावी लागली.

युद्ध संपले आणि टेक्सासच्या माळांवरील लाखो गुरे उत्तरेच्या बाजारांकडे हाकली जाऊ लागली. हा प्रवास महिनोगणती चाले आणि वाटेत गाव लागेलच असा भरवसा नसे. चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने 1866 मध्ये फौजेतील एक जुनी मजबूत गाडी घेतली, तिच्या पाठीमागे खणाखणांची एक उभी पेटी बसवली आणि पेटीचे झाकण बिजागऱ्यांवर असे जडवले, की ते खाली पाडून एका पायावर टेकवताच स्वयंपाक्याचा ओटा तयार व्हावा. हीच 'चक वॅगन'; चक म्हणजे गुराख्यांच्या बोलीत खाणे. पीठ, घेवडा, खारवलेले मांस यांच्याबरोबर कॉफीचे पोते गाडीत असे. बाजूला सुमारे दोन दिवसांच्या पाण्याचे पिंप. गाडीखाली कातड्याची झोळी ताणलेली, तिच्यात वाटेत वेचलेली लाकडे आणि वृक्षहीन माळावर रानशेण्या. आणि गाडीच्या कुशीलाच पक्के जडवलेले कॉफीचे दळणयंत्र. आजच्या कॅम्परव्हॅनचे मागील दार उघडताच जी पाकशाळा प्रकट होते, तिचे मूळ रेखाटन मला या पेटीत दिसते. रात्री कळपाभोवती आळीपाळीने पहारा असे, आणि पहाऱ्यावरून उतरणाऱ्याला व चढणाऱ्याला, दोघांनाही गरम कॉफी मिळावी म्हणून भांडे रात्रभर विस्तवावर राही. निजण्यापूर्वी स्वयंपाकी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याच्या दिशेने वळवून ठेवी, म्हणजे सकाळी आकाश अभ्राच्छादित असले तरी उत्तर हरवत नसे.

आरंभी हिरवे दाणे तव्यावर भाजण्याचे कामही स्वयंपाक्याकडेच होते. वाऱ्यावर भडकणाऱ्या आगीवर दाणे एकसारखे भाजणे हे कौशल्याचे काम, आणि मूठभर करपले तरी सारा घाणा कडू. पिट्सबर्गच्या जॉन आर्बकल याने 1868 मध्ये भाजलेल्या दाण्यांना अंडे व साखर यांचा लेप देऊन त्यांचा गंध आत कोंडून ठेवण्याच्या युक्तीचे पेटंट मिळवले, आणि 1873 मध्ये त्याच्या पेढीची 'एरिओसा' कॉफी एकेक पौंडाच्या पुड्यांतून बाजारात आली. तीन संस्कारांपैकी पहिला अशा रीतीने वाटेवरून उठून कारखान्यात गेला. पण दुसऱ्याला आर्बकलने हात लावला नाही, यातच त्याची जाण दिसते. प्रत्येक पुड्यात पेपरमिंटची एक कांडी असे, आणि स्वयंपाक्याने 'कांडी कोणाला हवी?' अशी हाळी देताच दिवसभर खोगिरावर शिणलेले धिप्पाड गडी यंत्राचा दांडा फिरवण्यासाठी पुढे सरसावत, असे त्या काळच्या आठवणींत आवर्जून सांगितले जाते.

कॉफी करण्याची रीत मात्र ओबडधोबड होती. मोठ्या भांड्यात पाणी व भुकटी एकत्र उकळायची आणि गाळ खाली बसावा म्हणून शेवटी थंड पाण्याचा हबका मारायचा. प्रदीर्घ उकळीने कटुता उतरते, हे खरेच. तथापि न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडो यांच्या सीमेवरील रॅटन खिंड समुद्रसपाटीपासून 2,300 मीटरांहून उंच आहे, तेथे पाणी सुमारे 92 अंश सेल्सियसवरच उकळते, आणि कॉफीला हीच उष्णता अधिक मानवते. त्या खिंडीतून कळप नेणाऱ्यांनी उष्णतामापक पाहिला नसेल; पण चढावरच्या मुक्कामाची कॉफी अंमळ सौम्य लागल्याचे एखाद्याच्या जिभेने टिपले असावे, असे मला वाटते.

पुढे माळरानांना काटेरी तारांची कुंपणे पडली, आगगाड्या टेक्सासात शिरल्या आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत गुरांचे लांबलांब प्रवास थांबले. गुडनाइट मात्र 1929 पर्यंत, त्र्याण्णव वर्षे जगला. त्याच्या हयातीतच, 1919 मध्ये, मोटारगाडीत संसार घालून हिंडणाऱ्या प्रवाशांनी फ्लोरिडातील टॅम्पा येथे 'टिन कॅन टुरिस्ट्स' या नावाचा संघ स्थापन केला. अशा प्रवाशांच्या गाड्यांना दुमडत्या झाकणाच्या शिधापेट्या लावलेल्या असत, पण गाडीच्या कुशीचे ते दळणयंत्र आता उरले नव्हते. कारण निर्वात डब्यांत भरलेली कॉफी 1900 पासूनच बाजारात आली होती आणि दळण्याचा संस्कारही कारखान्याने आपल्याकडे ओढून घेतला होता. डबा उघडला त्या दिवशी कॉफी उत्तम लागे. आठवडाभराने ती कशी लागत असेल, हे प्रवासात डबा जपून वापरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. डोंगरातल्या एखाद्या थांब्यावर सूर्योदयापूर्वी शेजारच्या गाडीतून दाणे भरडल्याची घरघर ऐकू येऊ लागते, तेव्हा गेलेली ती वस्तू गाडीत परत आली आहे हे कळते, आणि मी अंथरुणातच उठून बसतो.