तळटीप : ‘चढत-उतरत्या अंकांची संख्या’

* मूळ मजकुरात उल्लेखिलेली १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ ही सतरा अंकी संख्या, जिचा आद्य अंक ‘लीलावती’तील स्थानगणनेप्रमाणे परार्धाच्या लगत अलीकडील ‘मध्य’ स्थानी पडतो, ११,११,११,१११ चा वर्ग होय. या जातीच्या संख्यांस देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावरून ‘डेम्लो’ हे नाव दिले. आकृतीचा डौल पाहून त्यात दैवी संकेत शोधणारे पुष्कळ भेटतात; परंतु पाटीवर गुणाकार मांडून, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकवीत नऊ ओळी लिहिल्या असता, उभ्या स्तंभांतील एकांची बेरीज चढत जाऊन मध्यस्तंभात नेमकी नऊ होते, पुन्हा क्रमाने उतरते आणि हातचा म्हणून कोठेच येत नाही, एवढेच काय ते त्यातील रहस्य. मुळात आणखी एक १ वाढविला, की मध्यस्तंभात दहा जमतात, हातचा शेजारी जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असा वर्ग येऊन, आठाचा एक आकडा गहाळ झालेला, सारे सौष्ठव भंगते. आमच्या मते सदरहू संख्येचे खरे वैभव तिच्या अवयवांत आहे : ३ चा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ या मूळ संख्येचा वर्ग यांचा तो गुणाकार असल्यामुळे तिचे एकंदर विभाजक ४५ भरतात.