माफी, निरसन आणि नोंदवही : अहिल्यानगर जिल्ह्यातील पारधी समाजाच्या संदर्भात

राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ व १६१ अन्वये राष्ट्रपती व राज्यपाल यांना क्षमादानाचा अधिकार आहे. परंतु माफीसाठी मुळात दोषसिद्धी असावी लागते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या तालुक्यांत वस्त्या असलेल्या पारधी समाजाचा इतिहास या चौकटीत बसत नाही. त्याच्या माथी गुन्हेगारीचा शिक्का न्यायालयाने नव्हे, जन्माने मारला होता.

१८७१चा गुन्हेगार जमाती कायदा प्रारंभी उत्तर भारतापुरता होता. १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला. १९२४मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. अधिसूचित जमातीच्या माणसाचे नाव रजिस्टरात चढे, बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी द्यावी लागे. त्याने खरोखर काही गुन्हा केला आहे काय, हा प्रश्न यंत्रणेला पडण्याचे कारणच नव्हते.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९मध्ये रद्द केला. अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला. यास 'कलंकमुक्ती' म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास तो शब्द घाईचा वाटतो. निरसनाने अधिसूचना गेली, ठाण्यातील संशय गेला नाही. १९५९चा सराईत गुन्हेगारांविषयीचा मुंबई कायदा कागदावर वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीपुरता आहे. तथापि 'सराईत' हे विशेषण व्यवहारात जुन्याच वस्त्यांना चिकटून राहिले.

व्यक्तीपुढील मार्गही अरुंद आहेत. शिक्षेत सूट मिळाली तरी दोषसिद्धी पुसली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शरत्चंद्र राभा प्रकरणी स्पष्ट केले. १९५८च्या परिवीक्षा कायद्याचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते, तेही त्या कायद्याचा लाभ मिळालेल्यांपुरते. निर्दोष सुटलेल्याचे नाव पोलीस दप्तरातून आपोआप वगळणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ज्याच्यावर खटलाच चालला नाही, त्याने तर माफी कोणाकडे व कशाची मागावी?

मे २०२४मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने मागास समाजांतील निरपराधांची नावे केवळ पूर्वग्रहापोटी हिस्ट्रीशीटमध्ये चढविली जाण्याची दखल घेतली. ३ ऑक्टोबर २०२४च्या सुकन्या शांता निकालाने कारागृहांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. तोवर १९५२च्या निरसनास ७२ वर्षे उलटली होती.