डेमलोची सतरा अंकी संख्या

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने आज आकड्यांवर बोलायचं ठरवलं, म्हणून काहींना नवल वाटलं असेल. पण विषय तळोज्यापासून फार लांबचा नाही. इथून दिव्याला जा, तिथून कल्याणच्या दिशेने पुढे डोंबिवली. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात या स्थानकाला डेमलो म्हणत. द. रा. कापरेकरांना एका जातीच्या संख्या तिथे सुचल्या, म्हणून त्यांनी त्यांचं नावच ठेवलं 'डेमलो संख्या'.

त्यांतली एक पाहू. नऊ वेळा १ लिहा, म्हणजे १११११११११. तिचा वर्ग करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलटसुलट सारखेच, डोंगरासारखे चढणारे आणि उतरणारे. अंकांची बेरीज ८१, आणि त्या ८१ ने संख्येला नि:शेष भाग जातो. भागाकार म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी १९५५ मध्ये नाव दिलं 'हर्षद', आनंद देणारी. म्हणजे आपली संख्या पूर्ण वर्ग आहे, डेमलो आहे, हर्षदही आहे.

कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. पदव्युत्तर पदवी नाही, त्यामुळे अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे करमणूक म्हणूनच पाहिलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. तरीही हर्षद संख्यांना पाश्चात्त्य लेखनात पुष्कळदा 'निव्हेन संख्या' म्हणतात, आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ च्या निबंधानंतर. देवळालीच्या मास्तरांनी बावीस वर्षं आधी बारसं केलं होतं, हे विसरून!

आता खरा आक्षेप घेऊ. हार्डींनी १९४० मध्येच म्हटलं होतं की अंकांच्या अशा गमती कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यांत काही नाही. आक्षेप पोकळ नाही. हा डोंगर संख्येचा की आपल्या लिहिण्याचा? दहा वेळा १ लिहून वर्ग करा, १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं. हातचा आला आणि शिखर कोसळलं. बारांच्या पद्धतीत लिहिलं असतं, तर अकरा एकांपर्यंत डोंगर टिकला असता. ८१ ने भाग जाणं मात्र कुठल्याही लिपीत खरं.

तरी आम्हाला वाटतं, इथेच निवाडा घाईचा होतो. लिहिण्याची पद्धत माणसाने केली हे कबूल. पण एकदा केल्यावर तिचे नियम माणसाच्या मर्जीत राहत नाहीत. १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केलं की सलग वीस हर्षद संख्या सापडतात, एकवीस कधीच नाहीत. ही गंमत नव्हे, सिद्धांत आहे. दशमान पद्धत आपण निवडली, हा एकवीसचा अडसर आपण निवडलेला नाही.

म्हणून वर्गीकरण म्हणजे नुसती लेबलं चिकटवणं नव्हे. योग्य नाव दिलं की पुढचा प्रश्न विचारता येतो. कापरेकरांनी ती नावं दिली. ती त्यांच्याच नावाने घेणं, एवढं ऋण आपण फेडू शकतो. घरी गेल्यावर आपल्या जन्मसालाच्या अंकांची बेरीज करून बघा, भाग जातो का ते. आमच्या वेळेला जात नाही, पण आनंद तोच.